विजयमालेच्या ताटाची तजवीज

मी उकंडराव वल्द लखीराम, वय अदमासे सत्तर, धंदा बागाईत, राहणार मंगरूळपीर, जिल्हा अकोला, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझ्या मागे पुढीलप्रमाणे चालावे. दम लागतो, पण डोके शाबूत आहे. कोणाला शंका असल्यास त्याने समोर येऊन भांडून पाहावे.

(१) विहिरीकडचा मळा माझ्या कमाईचा. तो, मोट व बैलजोडीसह, मुलगा जगदेव यास. अट एकच, त्याची मुलगी विजयमाला, वय चौदा, हिच्या जेवणाची. दोन वर्षांमागे तिने सोमवार धरला, मग रोजच उपास. घास पाहून रडे. पोर वाळून काडी झाली, तशा गल्लीतल्या बाया तिच्या पाया पडू लागल्या.

(२) चुलतभाऊ इंद्रभान याने आमच्या ओसरीत पाट मांडून तिला देवी म्हणून बसवले, घंटा टांगली. नारळ त्याच्या घरी जात. ती घंटा मी उपटून ठेवली आहे, ती त्यास द्यावी. दुसरे काही देऊ नये. मयतीला रडला तर रडू द्यावे.

(३) राहते घर पत्नी कस्तुराबाई हिला. वैद्य, मांत्रिक, माझा आरडाओरडा, सारे थकले. मग एक दिवस पोर तिला म्हणाली, "आजी, तू सगळ्यायच्या मांग काहून जेवतं? माह्यासंगं बस, मंग मी दोन घास खाईन."

तेव्हापासून त्या दोघींची ताटे आधी, आम्हा पुरुषांची नंतर. माझ्या मागेही हेच चालवावे, जगदेवास घातलेली अट ती हीच. कस्तुरा तिच्या ताटाकडे पाहत नाही, वांग्याच्या रोपांचे काहीबाही बोलत राहते. पोर अंग धरू लागली आहे. पुन्हा कधी ताट दूर सारेलही. तेव्हा धाक नको, शाबासकीही नको. ती बरी होणार, हे मी लिहून देतो.

(४) तोवर तिच्या लग्नाची बोलणी करू नये. जगदेवाने हे कबूल केले आहे.

(५) घरात मयत असता चूल पेटवत नाहीत, ही रीत मला ठाऊक आहे. माझ्या वेळी ती मोडावी. चूल थंड दिसली की पोरीला उपासाला निमित्त मिळेल. मला ओसरीत ठेवावे, आत भाकरी टाकाव्या, कस्तुराने तिच्याजवळ बसून स्वतः जेवावे. गाव नावे ठेवील, ठेवू द्यावी. त्या दोघी हात धुऊन उठल्या म्हणजे मला उचलावे.

सही : उकंडराव वल्द लखीराम
साक्षीदार : हेमसिंग वल्द रामराव, भगवंतराव वल्द दौलतराव, राहणार इंझोरी
मुक्काम मंगरूळपीर, ता. ११ डिसेंबर १९३७