डावखुरी गिटार आणि दोन बोटं

१२ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

फोनवर तू बरं आहे यापलीकडे जिभेला त्रास देत नाहीस, म्हणून कागदावर पकडते आहे. इथे तुला पानभर तरी लिहावंच लागेल.

आम्ही ठीक. आमच्या दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांचा नुसता पूर आलाय. एक आजोबा तिसऱ्यांदा कवळी परत घेऊन आले. म्हणे हसलं की दुसऱ्याच कुणीतरी हसल्यासारखं वाटतं. तुझे दाजी म्हणाले, ती माझी असेल, बघ जरा. यांच्या विनोदांना हसायला आता मी एकटीच उरलेय.

मुद्द्याचं लिहिते. तुझ्या त्या ड्रमवाल्या मित्राचा फोन आला होता. तू दुकानादुकानांतून डावखुरी इलेक्ट्रिक गिटार शोधत फिरतोयस म्हणे. अरे, तू डावखुरा कधीपासून झालास? जेवतोस उजव्या हाताने, लिहितोस उजव्या हाताने, लहानपणी मला धपाटेसुद्धा उजव्याच हाताने घालायचास. कारखान्यातल्या प्रेसने तुझी दोन बोटं नेली, तेव्हा गिटार माझ्याकडे वरच्या खोलीत भिंतीला टांगून गेलास. त्यानंतर तिचं नावसुद्धा काढू देत नव्हतास. म्हणून ऐकून आनंदही झाला आणि काळजीही वाटली.

ती बोटं अजून दुखतात का? खरं लिही. दात गेले तरी माणसाची जीभ तीच जागा चाचपत बसते, हे मी रोज बघते. मला गुंडाळू नकोस.

पत्र धाड, माया आहेच.
तुझी ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डावखुरा झालेलो नाही, फक्त हातांची अदलाबदल करायची आहे. गिटार वाजवताना डावा हात तारा दाबतो आणि उजवा त्या छेडतो. माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, म्हणजे दाबणं संपलं. पण अंगठा आणि पहिली दोन बोटं शाबूत आहेत, त्यांना छेडता येईल. दाबायचं काम उजव्याने शिकायचं. त्यासाठी सगळी रचना उलटी असलेली गिटार लागते.

आणि ती मिळत नाही! पहिल्या दुकानदाराने साधीच गिटार उलटी धरून दाखवली, म्हणाला घ्या, झाली डावखुरी. तारांचा क्रम उलटा, आवाजाचे खटके माझ्या कोपराखाली, वायर बगलेत. दुसऱ्याकडे खरी डावखुरी होती, काचेच्या कपाटात. किंमत ऐकून मी तिथल्या स्टुलाची किंमत विचारली आणि खाली उतरलो. तिसरा म्हणाला मागवून देतो, पण काळ्याच रंगात येते, पैसे सगळे आगाऊ आणि कधी येईल ते विचारायचं नाही. शेवटी एका तळघरात गिटारी दुरुस्त करणारा भेटला. त्याच्याकडे एक जुनी डावखुरी पडून होती. मातकट रंग, एका खटक्याची टोपी गायब, पण मान सरळ. अर्धे पैसे घेऊन महिनाअखेरपर्यंत उरलेल्यांसाठी थांबतो म्हणाला. ताई, भिंतीवरची जुनी विकून टाक. तेवढ्यात भागेल.

दुखण्याचं विचारलंस. दुखतात. कामावरून आलो की संध्याकाळी सुरू होतं. नसलेली दोन बोटं गच्च आवळल्यासारखी होतात आणि सोडवता येत नाहीत, कारण सोडवायला काही नाहीच. गोळ्या घेतो आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या स्टोअरमध्ये पेंगतो. मागच्या आठवड्यात चुकीचे बोल्ट दिले. साहेबांनी सांगितलंय, पुन्हा असं झालं तर घरी बसा. वाजवायला लागलो तर यातून सुटेन असं वाटतंय. नाही सुटलो तर पुढे काय, ते मला खरंच माहीत नाही.

दाजींना नमस्कार. त्यांच्या विनोदांना माझ्यातर्फे एकदा हस.
तुझा ठोकळ्या


२ मार्च

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा रडले, ते जाऊ दे.

गिटार विकायचं मनावर घेतलंय. इथल्या संगीतशाळेच्या मास्तरांना निरोप दिला, ते एका विद्यार्थ्यासाठी बघायला येतील. तोवर एक गंमत ऐक. वरच्या खोलीत उंदीर शिरलाय. संध्याकाळी कामावरून येऊन चहा टाकते, तेवढ्यात वर टिण् टिण् सुरू. गिटारीच्या तारांवर नाचतो मेला. यांनी पिंजरा लावला, पाव ठेवला. पाव तसाच, उंदराचा पत्ता नाही. हे म्हणतात, कलावंत आहे, पावावर भागणार नाही.

काल मी जिन्यात उभी राहून ऐकलं. उंदीर इतका सावकाश चालत नाही रे.

गोळ्या कमी कर.
तुझी ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गिटार घरी आली! तळघरवाल्याने दया येऊन, तुला मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात दिली, उरलेले पैसे नंतर दे म्हणाला. आता रोज कामावरून आलो की बसतो. उजवा हात अगदी बालवाडीतला आहे. साधे चार स्वर दाबायचे तर बोटं एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात. शेजाऱ्यांनी भिंतीवर थाप मारून दाद दिली.

पण खरी बातमी पुढेच आहे. वाजवायला बसलो की दुखणं थांबतं! पहिल्याच दिवशी थांबलं. आवळलेली बोटं आपोआप सुटली आणि हलायला लागली. नसलेलीच, पण मला स्पष्ट कळतं. गंमत म्हणजे मी बालवाडीचा धडा गिरवत असतो आणि ती दोघं माझ्याकडे लक्षच देत नाहीत. पूर्वी बँडबरोबर हॉटेलात शनिवारी शेवटी जी संथ धून वाजवायचो, तिच्यातल्या त्यांच्या वाटणीच्या जागा ती धरत असतात. त्यांचं काम चालू, माझं काम चालू. रात्री गोळीशिवाय झोपतो. साहेबांनी काल स्वतःहून चहा दिला.

जुनीचं काय झालं? तळघरवाल्याला तोंड दाखवायला लाज वाटते.

तुझा, सध्या खुशीत असलेला,
ठोकळ्या


२४ मार्च

चि. ठोकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

गिटार विकली. पैसे पाठवलेत, आधी त्या भल्या माणसाचे चुकते कर.

मास्तर आले होते, त्यांचं सांगते. गिटार खाली घेतली, खिडकीशी नेली आणि मला विचारलं, घरात कोण वाजवतं. मी म्हटलं, दोन वर्षांत कुणी हात लावलेला नाही. त्यांनी मला तारा दाखवल्या. सगळ्या गंजून तपकिरी, पण मधेच काही ठिकाणी घासून चकचकीत झालेल्या. म्हणाले, इथे रोज बोट पडतंय. त्यांनी आपली बोटं त्या जागांवर ठेवून पाहिली. पहिली दोन बोटं कुठेच बसेनात. करंगळी आणि तिच्या शेजारचं, दोन्ही बरोब्बर बसली. मग म्हणाले, वाजवणारा विचित्र आहे, नुसता दाबतो, छेडत नाही.

माझ्या हातातला चहा सांडला. मास्तरांची पँट गेली. असो, घेऊन गेले ते गिटार.

मी हल्ली लॅबमध्ये चालत जाते. गुडघ्यांना बरं असतं म्हणतात. तू रोज वाजवत जा. एकही संध्याकाळ चुकवू नकोस, मोठ्या बहिणीचं एवढं ऐक.

तुझी ताई


५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैसे मिळाले, चुकते केले. मास्तरांचं वाचून अंगावर काटा आला. गिटार गेली ते बरंच झालं, असल्या गोष्टी घरात नकोत. गेल्यावर दुखणं परत येईल अशी मला धास्ती होती, पण तसं काही नाही. बोटं रोज वेळेवर कामाला लागतात.

एकच तक्रार. त्यांच्या टोकांना टोचतं. गंजलेल्या तारेवर बोट घासलं की कसं खरखरीत लागतं, तसं. रोज थोडं जास्त. तळघरवाल्याने माझ्या गिटारीच्या तारा तपासल्या, कोऱ्या करकरीत आहेत. आणि ती दोन बोटं या गिटारीला लागतातच कुठे? तो गिटार माझ्या हातात देत म्हणाला, दुकान बंद करायचंय. दुपारचे चार वाजले होते.

हसू नकोस. काल टोकांवर फुंकर मारली मी.

तुझा ठोकळ्या


१३ एप्रिल

चि. ठोकळ्यास,
आशीर्वाद.

घाईत आहे. टोचणं थांबेल, मी सांगते ना. फुंकर मारत राहा, त्यात हसण्यासारखं काही नाही.

तुझी ताई


२२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी दुपारी मी बटाटे सोलत होतो. गिटार पलंगावर. एकाएकी त्या दोन बोटांखालचं सगळं निघून गेलं. जिन्यात शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. इतका घाबरलो की सुरी हातातून पडली. बोटं नुसती हवेत धडपडत होती. कुठे ठेवायची ते त्यांना कळेना आणि मला त्यांना सांगता येईना. वाटलं, संपलं, आता ती कायमची आवळणार.

मग काहीतरी मऊ फिरलं. फडकं असावं. कुणीतरी गिटारीची मान पुसत होतं, अगदी सावकाश, एकेका पट्टीवरून. कवळ्या घासणाऱ्या माणसाचा हात मी ओळखतो, ताई. गुदगुल्या झाल्या. त्यानंतर एक तार आली, जाड, गार, गुळगुळीत. मग दुसरी. मोजल्या मी, सहा. शेवटची लावताना बराच वेळ गेला, मधे एकदा सुटलीही असावी. मी तसाच खाली फरशीवर बसून होतो. टोचणं थांबलं होतं.

रात्री दाजींना फोन केला. बोलता बोलता ते सांगून गेले की तुझी स्कूटर विकली, हल्ली तू पायीच जातेस. आणि वरच्या खोलीचं दार लावायचा कंटाळा करतेस, संध्याकाळी उघडंच ठेवतेस, आणि जिन्यात बसून चहा पितेस. मला पाठवलेले पैसे कुठले, ते तेव्हा कळलं. फोन ठेवल्यावर खूप रडलो.

शनिवारची सुट्टी धरून येतो आहे. जुनीला भिंतीवरून काढू नकोस. माझी घेऊन येतो, दोन्ही एकदा एका खोलीत ऐकू. तुला भीती वाटत असेल तर दाजींना शेजारी बसव.

तिसरी तार ढिली राहिली आहे. खुंटी अर्धी फिरव, बोट घसरतं.

अशीच जवळ राहा.
तुझा ठोकळ्या