समितीपुढे बोललेलं एक वाक्य

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा हवा मोजणे, हल्ली निवृत्त, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मानेच्या खालच्या भागाबद्दल डॉक्टर फारसं बोलत नाहीत, मीही विचारत नाही. हा मजकूर मला कोणी सांगितलेला नाही, कोणी धाक घातलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण वेळ मिळाला नाही.

कलम एक. राहत्या घराचा वरचा मजला, गच्चीसह, माझ्या धाकट्या भावाला द्यावा. खालचा मजला त्याचाच आहे. अट काही नाही. आईवडील गेल्यावर चाळीस वर्षं आम्ही एका जिन्यावर काढली आणि भांडलो ते फक्त पाण्याच्या टाकीवरून. टाकी त्याने चुकीच्या कोपऱ्यात बसवली आहे हे माझं म्हणणं कायम आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक भाचीला. आत्याने काय ठेवलं म्हणून कोणी विचारलं तर सांगावं, फारसं काही नाही. खरंच नाही.

कलम तीन. काचेच्या बाटल्या बावीस, हातपंप एक, तापमापक सात (पैकी एक खोटं बोलतो, त्याला लाल दोरा बांधला आहे) आणि वह्या एकेचाळीस. हे सर्व माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला द्यावं, जिला सगळा विभाग तुरतुरी म्हणतो. सव्वीस वर्षं दर मंगळवारी मी टेकडीवर जाऊन या बाटल्यांत हवा भरली. वाऱ्याकडे तोंड करायचं, बाटली डोक्याच्या वर धरायची आणि तोटी उघडण्याआधी श्वास रोखायचा. माणसाच्या एका उच्छ्वासाने कार्बन डायऑक्साइडचा आकडा बिघडतो. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि चार महिने मी इमानेइतबारे स्वतःचाच श्वास मोजला. ती वही फाडू नये. चूक कशी दिसते ते पोरीला कळू दे.

कलम चार. माजी विभागप्रमुखांना काहीही देऊ नये. माझं मोजणीचं खोपटं त्यांनी गाड्या उभ्या करायच्या जागेला लागून हलवलं आणि वर मलाच विचारलं की आकडे का वाढले. ते हयात असतील तर त्यांना निरोप द्यावा की मी विसरलेले नाही. हयात नसतील तर राहू द्यावं.

कलम पाच. भिंतीवरचं सन्मानचिन्ह, "शास्त्रीय सावधपणाबद्दल" असं कोरलेलं, भंगारात घालावं. लाकूड बरं आहे, पाट करता येईल. का, ते पुढच्या कलमात.

कलम सहा. हे कलम मी गेल्यावर राज्याच्या समितीपुढे मोठ्याने वाचावं. तुरतुरीने वाचावं, तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो.

अकरा वर्षांपूर्वी राज्य सरकारने एक विधेयक आणलं. बाकीचे काय करतात याची वाट न बघता आपल्या राज्याने आपला धूर कमी करायचा आणि कोळशावरचे जुने संच एकामागून एक बंद करायचे, असं ते होतं. पहिला बंद होणारा संच आमच्या खिडकीतून दिसतो त्या वीजकेंद्रातला. माझा भाऊ त्याच संचावर बॉयलर सांभाळायचा.

विधेयकावर समितीपुढे माझी साक्ष व्हायची होती, त्या सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो पाळी संपवून वर आला. डबासुद्धा खाली ठेवला नव्हता त्याने. भाचीचं शिक्षण चालू होतं, भावजयीचं पाठीचं ऑपरेशन व्हायचं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीतल्या काजळीवर बोट फिरवत होता. म्हणाला, "ताई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तेवढं काही होतंय का बघ." मी म्हटलं, विज्ञानात असं काही बघता येत नसतं. तो बरं म्हणाला आणि खाली गेला. त्याने पुन्हा हा विषय काढला नाही. काढला असता तर मी चिडले असते आणि सगळं सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं की उत्सर्जन आत्ताच कमी केलं नाही तर नुकसान वाढत जाईल, हे तुम्ही खात्रीने सांगता का. माझ्या पिशवीत टाइप केलेलं उत्तर होतं: होय, यात शंकेला जागा नाही. सव्वीस वर्षांचे आकडे त्याच्या मागे उभे होते. आणि मी म्हटलं, "अजून काही वर्षांची मोजमापं हाती आल्याशिवाय खात्रीने सांगणं घाईचं होईल."

त्या दिवशीही मी पूर्ण शुद्धीवर होते. डोकं ठिकाणावर होतं. कोणी धाक घातला नव्हता.

आम्हा शास्त्रज्ञांना बहुधा, कदाचित, साधारणपणे याशिवाय तोंड उघडता येत नाही, जित्याची खोड आहे ती, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. उलट कौतुक झालं. वरचं सन्मानचिन्ह त्याचंच. विधेयक बासनात गेलं. खालच्या मजल्यावर सुंठीवाचून खोकला गेला. भाऊ पूर्ण नोकरी करून सन्मानाने निवृत्त झाला, त्याला आज नऊ वर्षं झाली. संच अजून धूर सोडतोय. त्यानंतर विधेयक दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा कंपनीच्या वकिलांनी माझं वाक्य वाचून दाखवलं. राज्यातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनाच खात्री नाही, म्हणाले. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. दोन्ही वेळा मला उठता आलं असतं. उठले असते तर भावाला कळलं असतं, की अकरा वर्षांच्या या धुराला त्याचं नाव चिकटलं आहे. म्हणून मी बसून राहिले. मला याची लाज वाटते. दुसरा शब्द मी शोधत नाही.

आता विधेयक पुन्हा आलं आहे. त्याला पाठिंबा देणारं पत्र तुरतुरीने तयार केलं असून त्यावर एकशे त्रेसष्ट शास्त्रज्ञांच्या सह्या आहेत. "निश्चित" या शब्दावर ही मंडळी तीन आठवडे भांडली, शेवटी तो राहिला. पहिली ओळ माझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. पत्र महिनाभर माझ्या टेबलावर पडून आहे. तुरतुरी रोज फोन करते आणि माझ्या तब्येतीची चौकशी करते. पत्राचं नाव घेत नाही, गुणाची पोर आहे.

तरी सदर वाक्य मी मागे घेते. तेव्हाही खात्री होती.

(येथपर्यंत सोमवारी लिहिलं. पुढचं बुधवारी.)

काल वकीलबाई मसुदा वाचायला आल्या. सहाव्या कलमापाशी थांबल्या, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, "बाई, सुनावणी गुरुवारी आहे. मृत्युपत्र उघडायचं तुम्ही गेल्यावर. तुमचा नेमका बेत काय आहे?" मला हसू आलं, मग खोकला आला. इतकी वर्षं आकडेमोड केली, आणि ही साधी वजाबाकी सुटली होती. की सोडली होती, कोण जाणे.

त्या गेल्यावर मी कागद उचलला नाही. थकवा होता हे खरं. भाऊ रोज दुपारी जेवण घेऊन वर येतो हेही मला ठाऊक होतं. तो आला, डबा ठेवायला जागा करायची म्हणून कागद सरकवायला गेला आणि त्यात त्याला स्वतःचा उल्लेख दिसला. उभ्यानेच वाचलं. शेवटचं पान परत वाचलं. मग खुर्ची ओढून बसला आणि किती तरी वेळ डब्याची कडी उघडत-लावत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मी दोन वर्षं मागितली होती. अकरा नव्हती मागितली."

मी म्हटलं, हो.

"मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मीच जाऊन बोललो असतो. निवृत्त झाल्यावर मला कोण काय करणार होतं?"

मी त्याला सांभाळत होते असं मला इतकी वर्षं वाटलं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मी रडले, आणि या वयात रडणं फार दमवतं. त्याने पाणी दिलं. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. डबा तेवढा उघडून माझ्यापुढे ठेवला आणि मी जेवेपर्यंत बसून राहिला.

जाताना दारातून विचारलं, "गुरुवारी किती वाजता?"

मी म्हटलं, दहाला.

"मग नऊला तयार राहा. मी वर येतो, जिना तुला एकटीला जमायचा नाही."

आज सकाळी पत्राच्या पहिल्या ओळीवर सही केली. नाव वाचता येतं.

कलम एक ते पाच कायम. कलम सहा मी माझ्या हाताने खोडलं असून ते रद्द समजावं. ते सांगायला मी अजून आहे.

सही

साक्षीदार एक: उपचार करणारे डॉक्टर. यांच्या मते मी उद्या घराबाहेर पडू नये.
साक्षीदार दोन: शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका. यांच्या मते पडावं.

(भाऊ तिसरी सही करायला पुढे झाला होता. ज्याला घर मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून वकीलबाईंनी पेन काढून घेतलं.)

ठिकाण: राहतं घर, वरचा मजला.
तारीख: सुनावणीचा आदला दिवस, बुधवार.