पाऊण तास

१९ जुलै, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि आई त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरते. आमच्या ह्यांनी खिडक्यांना नवे पडदे लावले. एका बाजूने आखूड झालेत, पण मी तोंडभर कौतुक केलं. तुझा हात कसा आहे? थंडीत अजून आखडतो का?

एक बातमी. रिटर्न भरण्याच्या हंगामापुरतं मी घरबसल्या जोडकाम घेतलंय. एक कंपनी लोकांची रिटर्न भरून देते, तिला या दिवसांत फोनवर बोलायला करसल्लागार लागतात. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप आणि कानात हेडफोन. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत चालायचे म्हणून तू मला टकळी म्हणायचीस. आता टकळीचेच पैसे मिळतात, असं मी ह्यांना ऐकवत होते. एका न्हाव्याने तर विचारलं, भावाचे केस फुकट कापतो, ते दानात धरता येईल का? खूप हसलो आम्ही.

पडदे मीच लावायला लावले, ताई. दिवसाही ओढलेले असतात. मला भीती वाटते. मंगळवारपासून दाराची बेल वाजली की आधी पडद्याच्या फटीतून बघते. आणि ही भीती माझ्यासाठी नाही, त्यामुळे ती कुणाला सांगावी तेही कळत नाही.

मंगळवारी एका माणसाचा फोन आला. आवाज फार सभ्य. "मॅडम, तुम्ही दमला असाल, जास्त वेळ घेत नाही," म्हणाला. गेल्या वर्षी नवरा-बायकोची रिटर्न आमच्याकडे एकाच खात्यावर भरली होती, त्यामुळे ओळख पटवायला जे विचारलं ते सगळं त्याने बरोबर सांगितलं. मग म्हणाला, "परताव्याचा कागद पोस्टाने येतो ना? आम्ही नुकतंच घर बदललं. बायकोने नवा पत्ता कळवला की जुनाच राहिला, कोण जाणे. ती विसरते असं काही."

अशा वेळी पत्ता समोरच्याने सांगायचा आणि आपण फक्त बरोबर की चूक म्हणायचं, हे आमच्याकडून घोकून घेतलेलं आहे. पण माझ्यापुढे फोनची रांग लागली होती, आणि दिवसभरात मी दमले असेन असं म्हणणारा तो एकटाच होता. मी वाचला. घर, गल्ली, मजला, सगळं. स्पष्ट आवाजात, पाटी वाचावी तसा.

पलीकडे कागदावर पेन फिरल्याचं ऐकू आलं. मग त्याने विचारलं, "मजला कितवा म्हणालात?" मी तोही पुन्हा सांगितला.

मला तेव्हा काही कळलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मजला विचारला तेव्हाच मला संशय आला होता, तरी सांगितला. फोन ठेवल्यावर स्क्रीनवर खाली पाहिलं, तर पत्ता एकट्या बायकोने बदलला होता आणि पुढे लिहून ठेवलं होतं, फक्त माझ्याच नंबरवर बोला.

आमच्या टीम लीडरला सांगितलं. ती म्हणाली, "मी वर कळवते. तू परस्पर फोन करायचा नाहीस, काम जाईल." मी वाट बघितली. वरून काही येईना. मग मीच त्याच्या बायकोला तिच्या नंबरवर फोन केला.

मी सगळं सांगितलं. ती बाई ओरडली नाही, रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "किती वेळ झाला?"

"पाऊण तास," मी म्हटलं.

मागे एक लहान मुलगी बूट सापडत नाहीत म्हणून कुरकुरत होती. बाई तिला म्हणाली, "राहू दे, तशीच चल." मी विचारलं, पोलिसांना कळवू का? "कळवा. पण मला परत फोन करू नका," म्हणाली आणि तिने ठेवला.

पोलिसांना तेव्हाच कळवलं. ते जाऊन आले. घराला कुलूप आहे, एवढंच सांगतात. माझं काम बुधवारी गेलं, त्याचं काही नाही. तिने नको म्हटलं होतं तरी गुरुवारी मी फोन लावला. बंद होता. आजही बंद आहे.

तू घर सोडून गेल्यावर भाऊजी आईकडे आले होते, तेव्हा "तिचं औषध घरीच राहिलंय, द्यायचंय," म्हणाले आणि आईने तुझा पत्ता सांगून टाकला. ते गेल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली, पण तुला फोन करायचा तिला धीर झाला नाही. नंतर तुझ्या हाताचं ते झालं. मी आईला काय काय बोलले. एवढं कसं कळलं नाही तुला, हे तर येता-जाता. ती मान खाली घालून भांडी घासत राहायची.

काल तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "गोड बोलला असेल." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

ताई, तो दिवस मी तुला कधी विचारला नाही, आज विचारते. त्या दिवशी आईने लगेच फोन केला असता आणि तुला पाऊण तास मिळाला असता, तर तो पुरला असता का? मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. खरं काय ते लिही.

हे पत्र नेहमीसारखं तुझ्या मैत्रिणीच्या हाती देते आहे. उत्तरही तिच्याच हाती दे, आणि पाकिटावर तुझा पत्ता घालू नकोस. मला तो माहीत नाही तेच बरं.

तुझी,
टकळी