पिलांमध्ये टाकलेला बेडूक

जमनाच्या आबांना,

मागच्या दाराने आलात तर आधी कडी लावा. भाकरी आणि ठेचा टोपलीखाली झाकून ठेवलाय. खा आणि लगेच निघा. जमनाला शोधू नका, ती घरात नाही.

तुम्ही चावडीवर तिरंगा झेंडा लावून पळालात, त्याला आज बारा दिवस झाले. सकाळी पोलीस जमादार आला आणि गूळ-शेंगदाणे हातावर ठेवून पोरीला नदीवर घेऊन गेला. घाटाच्या पायरीवर तिला एकटीला बसवलंय आणि देवळामागे चार शिपाई लपलेत. तुम्ही येताय या आनंदात ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "मन्हा आबा येई ऱ्हायना."

मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या जमादाराला मासेमारीला होडीत घेऊ नका. पण तुम्हाला शिकवायची हौस भारी! गळाला बेडूक कसा अडकवायचा, काठी कधी ओढायची, सगळं दाखवलंत. मरळ मासळी आपल्या लाल पिलांच्या घोळक्याखाली राखणीला असते, बेडूक तिथेच टाका, ती भुकेने नाही तर पिलांसाठी झडप घालते, हेही तुम्हीच सांगितलंत. चांगलं शिकला तो.

मी तिच्याजवळ जाऊन बसते. तिच्या केसालाही कुणाला हात लावू देणार नाही. तुम्ही होडी पलीकडे काढा आणि ब्राह्मणपुरीला माझ्या भावाकडे, गिरधरकडे जा. चिठ्ठी चुलीत घाला.

लांबून होडी दिसली तरी ती तुम्हाला हाक मारेल. ओ देऊ नका.

कौसा