तोगाशीबाईंचे प्रश्न

प्रिय उल्का,

तुझ्या दोन्ही नव्या कविता मिळाल्या. प्रशंसा हवी असेल तर ती तुला बर्लिनमध्ये मुबलक मिळते. येनाहून मी ती क्वचितच पाठवली आहे आणि आज तर मुळीच पाठवणार नाही. कविता निर्दोष आहेत. जिना आला की त्याच्या पायऱ्या कशाच्या हे तू सांगतेस, खिडकी आली की ती उत्तरेकडची. वाचणाऱ्याला विचारण्यासारखे काही उरतच नाही. उल्का, ही कविता नव्हे, उत्तरपत्रिका आहे. आणि प्रश्न कोणी विचारले ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

तोगाशीबाईंची आणि तुझी गाठ माझ्यामुळे पडली, म्हणून त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मी माझ्याकडे घेतो. तू त्यांना अजून पाहिलेले नाहीस. कानाझावाला जन्म, पॅरिसमध्ये शिक्षण, तिशीच्या आत जपानीत नाव झालेली कवयित्री. मग एका जर्मन अभियंत्याशी लग्न करून कानाए तोगाशी इकडे जर्मनीत, येनाला आल्या. नवरा भिंगांच्या कारखान्यात काच तपासत असे. काच दिव्यासमोर धरायची, आत बुडबुडा दिसला की बाजूला टाकायची. तो गेला त्याला बरीच वर्षे झाली, पण बाई अजून सांगतात की भाषांतर त्या विद्यापीठात नव्हे, त्याच्या टेबलाशी शिकल्या. फ्रेंच कवी जपानीत आणावेत तर त्यांनीच, असे भाषांतराच्या माझ्या क्षेत्रातले सगळे म्हणतात. मी सहसा सगळ्यांशी सहमत होत नाही, इथे झालो.

त्यांची रीत तुला माहीत आहे, परंतु तू ती उत्तर देणाऱ्याच्या बाजूने पाहिलीस. त्या केवळ हयात कवींची भाषांतरे करतात, कारण मेलेल्यांना काही विचारता येत नाही. कविता फ्रेंचमध्ये मोठ्याने वाचतात, पुस्तक मिटतात, डोळे मिटतात आणि सुरुवात करतात. पायरी ओली होती का? दार कोणत्या हाताने लोटले? त्या वेळी घरात आणखी कोण होते? तुझ्या संग्रहाचा फ्रेंच अनुवाद त्यांच्यापुढे, मूळ मराठी माझ्यापुढे. त्यांचा प्रश्न मी तुझ्याकडे पोचवायचा आणि तुझे उत्तर मूळ शब्दांशी ताडून त्यांना जर्मनमध्ये सांगायचे. उत्तर नेमके असले की त्या टाळी दिल्यासारखे 'गेनाऊ!', अगदी बरोबर, म्हणतात. प्रारंभी मला हा आदर्शच वाटला. इतक्या निर्दयपणे अचूक असणारे दुसरे माणूस मला आयुष्यात भेटलेले नाही, यावर तू म्हणशील, "आरशात बघ की, देवा."

वसंतात एका परिसंवादासाठी स्ट्रासबुर्गला गेलो असताना, बाईंनी पूर्वी भाषांतरित केलेल्या एका वृद्ध कवीला मी मुद्दाम भेटलो. गृहस्थ गुबगुबीत, प्रसन्न. बागेत गुलाब छाटत होते. नवे काय लिहिता, असे विचारले तर हसले. "आता कशाला? बाईंनी सगळं विचारून घेतलं. माझ्या कवितांत काय होतं ते मला आता पाठ आहे." स्वतःला वाचता न येणारे जपानी पुस्तक त्यांनी माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले की हे खरे, आपला तो कच्चा खर्डा. ते रडले असते तर मला बरे वाटले असते. परतल्यावर लियाँच्या एका कवयित्रीची चौकशी केली. बाईंनी तिचा संग्रह पुरा केला, त्यानंतर तिची एक ओळही कुठे छापून आलेली नाही. मी योगायोग मानणारा माणूस आहे, अपशकुन नव्हे. पण तुझ्या दोन कविता माझ्या टेबलावर आहेत आणि त्या मला पुन्हा हातात घेववत नाहीत.

मागच्या भेटीत मी बाईंना विचारलेच की तुम्ही स्वतःची कविता का थांबवलीत. "पहिले प्रश्न मी मलाच विचारले होते, श्रीयुत सबनीस. सगळी उत्तरं मिळाली." एवढे बोलून त्यांनी माझ्यापुढे बिस्किटे सरकवली आणि तुझी शेवटची कविता काढली.

'तिसरा कप' तेवढी राहिली आहे. माझ्या मते ती तुझी सर्वोत्तम कविता. हे मी तुला कधी सांगितले नाही, कारण तिच्यातले एक विशेषण मला आजही खटकते. बाईंचा प्रश्न एकच होता, तिसरा कप कोणाचा? "तुम्ही त्यांच्यासोबत राहत होतात, तुम्हाला माहीत असणार." मला माहीत नाही. बर्लिनमधल्या नॉयकोल्नच्या त्या घरात आपण दोघेच असताना तू रोज तीन कप चहा ओतायचीस. तिसरा निवत राहायचा आणि तू तो मुकाट्याने सिंकमध्ये रिता करायचीस. साताऱ्याला तुझी आईही तसेच करी, एवढे मी पाहिले. तुझ्या वडिलांचे नाव त्या घरात कोणी काढत नसे, हेही पाहिले. तुझ्या पोळीच्या कडांपासून जर्मन उच्चारांपर्यंत सगळ्यावर बोट ठेवणाऱ्या मला, आपण वेगळे होईपर्यंत, तेवढे एक विचारता आले नाही. माझ्या हातून न बिघडलेली आपल्यातली ती एकच गोष्ट असावी.

शनिवारी बाई बर्लिनला तुझ्याकडे येत आहेत. मी सोबत येण्यास नकार दिला, तर शांतपणे म्हणाल्या, "जर्मन तर तिलाही येतं." त्या दारात वाकून नमस्कार करतील, समोर बसतील, डोळे मिटतील. आजवर तुझे कोणी ऐकले नसेल इतक्या लक्षपूर्वक ऐकतील, आणि तुला सांगून टाकावेसे वाटेल. म्हणून हे पत्र. त्यांना खोटे सांग, उल्का. कप शेजारणीचा होता म्हण, पाहुण्याचा म्हण, मांजरीचा म्हण. जपानीत ती कविता कायमची चुकीची राहू दे. त्या पुस्तकाची प्रस्तावना मीच लिहिणार आहे, तिच्यात त्या चुकीखाली मी माझे नाव घालीन. आणि खरे उत्तर मलाही कळवू नकोस.

अजूनही तुझाच,
देवदत्त