हिरवी ताडपत्री

गडहिंग्लज, १९ एप्रिल १९७४

आज सगळं त्या हिरव्या ताडपत्रीनं घालवलं. का मीच घालवलं?

काल देवळापाशी माझ्या वर्गातली सुमन भेटली. मी कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच. उद्या कोल्हापूरची एस.टी. धरायच्या आधी फोटो काढायला येते म्हणाली. "जत्रेत एवढे फोटोवाले, तुमचं दुकान ओळखू कसं?" मी सांगितलं, ट्रेलरला हिरवी ताडपत्री दिसली की आमचंच. बाकी सगळ्यांच्या खाकी.

आणि दुपारी वारं सुटलं. आमच्या या फिरत्या दुकानाचे मालक बशीरचाचा म्हणाले, "उतरीव ती." मी उलट दोर ट्रेलरलाच आवळून बांधले. ताडपत्री फुगली आणि ट्रेलर एका चाकावर कलला. आत आमची भांडी, वळकट्या, कॅमेरा, सगळा संसार.

"सोड की रं, घर उलथंल आपलं."

"न्हाय सोडत."

"कोण लाटसाहेब येणार हाय एवढा?"

मी दोर आणखी आवळले. चाचांनी विळ्यानं दोर कापले. ट्रेलर धाडकन खाली बसला, ताडपत्री रस्त्यापलीकडच्या रानात गेली. चाचांना नको ते बोललो आणि तिच्यामागं धावलो. चाचा रागावलेसुद्धा नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

बाभळीत अडकलेली ताडपत्री सोडवून रस्त्यावर येतोय, तोवर एस.टी. निघालेली. खिडकीत सुमन. मी हिरवी ताडपत्री दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. ती पलीकडं, जत्रेकडं बघत होती.

मला शोधत असेल. का नुसतीच बघत होती, हे आता कुणाला विचारू?