सहाव्या नंबरावर दादा

मु. पहिली शाळा, चित्रकलेचा वर्ग
ता. ४ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

पोचलो. कबूल केल्याप्रमाणे पहिल्याच दिवशी पत्र लिहितोय, म्हणजे तुला नावं ठेवायला जागा नको. माझ्या नोकरीच्या गावाहून मी परस्पर बस गाठली, तोवर तू दादाजवळ दिलेला डबा साफ झाला होता. दाताचा डॉक्टर आणि बेकरीवाला, दोघांनी मिळून फडशा पाडला. तीन शितं माझ्यासाठी ठेवली असं बेकरीवाला शपथेवर सांगतो.

सीझनआधी शाळेच्या पोरांशी खेळून हातपाय मोकळे करायचे ही कल्पना ज्या कुणाची असेल (तुझ्याच नवऱ्याची, एकोणीस वर्षांपूर्वीची) त्याला आज माझ्या गुडघ्यांनी मनापासून शिव्या दिल्या. पोरं काय पळतात गं! वर प्रत्येक बाउन्सरनंतर येऊन विचारतात, काका, लागलं नाही ना? हरलो. सडकून हरलो.

आता गंमत ऐक. टॉस दादाने जिंकला. हसत हसत आला, आम्हाला घेऊन फिल्डिंगला उतरला, आणि बघतो तर समोरून शाळेची पोरंही फिल्डिंगलाच येतायत. बावीसच्या बावीस जण मैदानात, बॅट कुणाच्याच हातात नाही! त्यांचा कॅप्टन अदबीने म्हणाला की काकांनी तर बॅटिंग घेतली होती. दादाने कपाळावर हात मारला आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला. दोन्ही टीम पोट धरून हसत होत्या.

दौरा संपला की परत आल्यावर मीटिंग आहे, यंदाचा कॅप्टन ठरवायला. बँकेतला लांबू माझ्या कानाशी लागला होता की आता तू हो. मी त्याला उडवून लावलं. दादा उभा असताना मी कॅप्टन? मला बॅट धरायला त्याने शिकवलं, आणि नाक पुसायला तू.

मागच्या पत्रात दादावर जरा लक्ष ठेव असं लिहिलं होतंस. कशाबद्दल ते कळलं नाही. तब्येत ठणठणीत आहे, बटाटे तीनदा मागून खाल्ले.

लोभ आहेच, डब्याच्या बाबतीत तो यापुढे थोडा माझ्याकडे वळवावा.

तुझा
बारक्या


मु. दुसरी शाळा
ता. ६ एप्रिल

प्रिय बाईसाहेबांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की तू लिहायला सांगितलंस, आणि तुझं ऐकलं नाही तर काय होतं हे मला ठाऊक आहे.

आम्ही सगळे मजेत. बारक्या सुकलाय. परगावी स्वतःच्या हातचं खातो, दुसरं काय होणार! बॉलिंग मात्र झकास टाकतो. त्याला सांगत नाही, शेफारेल. बेकरीवाल्याचं पोट विकेटकीपिंगच्या आड येतंय. खाली वाकला की उठताना डॉक्टरला हात द्यावा लागतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी सैल झालीय. मी येईपर्यंत कुणाकडून तरी नीट बसवून घे. वारा सुटला की रात्रभर आपटत राहते आणि तुझी झोप मोडते.

इथली पोरं गुणी आहेत. काल एकाला मी स्पिनची पकड दाखवली तर आज त्याने त्याच बॉलवर मला उडवला. बरं वाटलं बघ. आल्यावर सोमवारी कारखान्यात थेट लेथ मशीनवर उभं राहायचंय, तेव्हा माझे कामाचे कपडे धुऊन ठेव. पंचवीस वर्षं झाली, तरी चार दिवस लेथचा आवाज कानावर पडला नाही की मला चुकल्यासारखं होतं.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी सैल झालीय, ती बसवून घे. वाऱ्याने आपटते आणि तुझी झोप मोडते.

जिव्हाळा आहे तो तसाच राहो. उशीला माझी आठवण सांग.

तुझाच


ता. ८ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या दोघांची पत्रं एकाच दिवशी आली. बावीस जण मैदानात हे वाचून मी आधी खो खो हसले आणि मग तिथेच ओट्याला टेकून खाली बसले. शेजारीण हाक मारून गेली, मला उठवेना.

बारक्या, खिडकीची कडी यांनी निघायच्या आदल्याच दिवशी बसवली. स्क्रू माझ्याच हातात धरायला दिले होते. आणि आता एका पत्रात दोनदा लिहितात की बसवून घे.

तुझ्यापासून एक लपवलं, ते आता सांगते. हे लेथवर नाहीत. दोन महिने झाले. मशीन चालू ठेवून हे डबा खायला जाऊन बसले, असं दोनदा झालं. सुपरवायझर भला माणूस, घरी येऊन मला सांगून गेला. म्हणाला की हात कापला गेला असता तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं? स्टोअरमध्ये बसवलंय त्यांना. रोज सकाळी लेथचे कपडे घालून निघतात, तिथे गेल्यावर कुणीतरी हाताला धरून स्टोअरकडे वळवतं. घरी येऊन मला सांगतात, आज लेथवर फार काम होतं. मीही हो म्हणते. काय करू, सांग!

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्यात. दौरा झाल्याशिवाय हे जायला तयार नाहीत. मी म्हटलं, जाऊ दे, तिथे सगळे आपलेच आहेत. तू आहेस.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. लेथ गेली. कॅप्टनपण तेवढं राहू दे. तो लांबू काय म्हणेल ते म्हणू दे, मीटिंगमध्ये तू यांच्या बाजूने उभा राहा. टॉसला यांच्याबरोबर जा, हातावर लिहून घे, काय वाटेल ते कर. पण चारचौघांत यांचं हसं होऊ देऊ नकोस. स्वतःहून हसले तर निराळं.

आणि तू रे, सुकलास म्हणे. रात्री चहा-पाव खाऊन झोपतोस ना? मला सगळं कळतं.

माया आहे ती आहेच, तिला पत्रात मागावं लागत नाही.

तुझी
वहिनी


मु. चौथी शाळा
ता. ११ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. मला आधी सांगायला हवं होतंस. रागावलो नाही, पण सांगायला हवं होतंस गं.

टॉसला काल मी बरोबर गेलो. बुटाची नाडी बांधण्याचं निमित्त करून शेजारीच बसलो होतो. ते निभावलं. आज जे झालं ते मात्र मला निभावता आलं नाही. तू खरं ते लिही म्हणशील, म्हणून लिहितो.

आमची बॅटिंग होती. इथे बॅटिंग करणाऱ्या टीमचाच माणूस अंपायर म्हणून उभा राहतो. मी पहिल्याच ओव्हरला बाद झालो होतो, म्हणून मी उभा होतो. दादा नेहमीप्रमाणे सहाव्या नंबरावर आला, चार रन केले, क्लीन बोल्ड झाला. परत गेला, पॅड सोडले, चहा घेतला. पुढे सातवा गडी बाद झाला. पायऱ्यांवरून कोण उतरतंय म्हणून बघतो तर पॅड बांधून, बॅट फिरवत, दादा. मागून डॉक्टर धावत निघाला होता, तो अर्ध्या वाटेवर थांबला. त्याला हाक मारायचा धीर झाला नाही. नववा आमचा बेकरीवाला पॅड बांधून तयार होता, तो तसाच बाकावर बसून राहिला.

दादा माझ्याजवळून गेला. मला थोपवता आलं असतं. एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. पण तो इतका खुशीत होता वहिनी, शीळ घालत आला होता.

शाळेचा कॅप्टन, चष्म्याला चिकटपट्टी लावलेला एक उंच पोरगा, माझ्याकडे आला. हळूच विचारलं की हे काका मघाशी बाद झाले ना? मी वाकून बेल्स नीट करत राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि फिल्डिंग लावायला गेला. एक पोरगा हसला नाही. बॉलही लाडाने टाकले नाहीत, चांगले जोरात टाकले. सोपे टाकले असते तर दादाला लगेच कळलं असतं. त्याने अकरा रन केले. कव्हरमधून एक असा चौकार मारला की मला माझं लहानपण आठवलं, आपल्या गल्लीतलं.

मग एक बॉल सरळ पॅडवर बसला. स्वच्छ पायचीत. पोरांनी अपील केलं आणि माझ्याकडे बघून गप्प झाली. मला बोट वर करवेना. दादा माझ्याकडे बघत राहिला, मग वळून पायऱ्यांकडे. तिथे सगळे मान खाली घालून बसले होते आणि बेकरीवाला रडत होता, त्या मूर्खाला कधीच लपवता येत नाही. दादाने स्वतःच ग्लोव्हज काढले आणि चालू लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी बसच्या मागे एकटाच बसला होता. मी जवळ गेलो. त्याने विचारलं की आज मी किती वेळा बॅटिंगला गेलो? मी म्हटलं, एकदा. त्याने बुटाला लागलेली माती झाडली. मग म्हणाला की अंपायरने खोटं बोलू नये.

मला लिहवत नाही. तुझं मागणं मी विसरलो नाही. मीटिंगमध्ये मी त्याच्याच बाजूने उभा राहीन.

तुझी माया आहे तिचाच आज आधार.

तुझा
बारक्या


मु. शेवटची शाळा
ता. १२ एप्रिल, सकाळी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पलीकडच्या कॉटवर घोरतोयस, तरी पत्र लिहितोय. तोंडी सांगितलं असतं तर तू मध्येच बोलला असतास. आणि दुसरं कारण म्हणजे, सांगितलेलं माझ्या लक्षात राहीलच असं नाही.

आज डोकं स्वच्छ आहे. अशा वेळी कामं उरकून घ्यावीत. मी काल दोनदा बॅटिंगला गेलो. मी लेथवर नाही हेही मला माहीत आहे. कधीकधी माहीत असतं. घरी तसं दाखवत नाही, कारण तुझ्या वहिनीला वाटतं की मला कळत नाही, आणि त्यात तिला थोडं बरं वाटतं. तिला आत्ताच सांगू नकोस, हे पत्र तिच्या हाती जाईल तेव्हा कळेलच.

यंदापासून कॅप्टन तू. मीटिंगमध्ये नाव मीच सुचवीन, विसरलो तर हे पत्र वाचून दाखव. नको-नको करू नकोस. तू माझ्यापेक्षा बरा कॅप्टन होशील असं नाही, पण टॉस तरी लक्षात ठेवशील.

आता महत्त्वाचं. हे मी विसरेन. मग तुझ्याशी भांडेन, म्हणेन की धाकट्याने माझी जागा बळकावली. लोकांसमोरही म्हणेन. तेव्हा तू मनाला लावून घ्यायचं नाही, हुज्जत घालायची नाही. हे पत्र माझ्यापुढे ठेवायचं. अक्षर माझं आहे, मला नाकारता येणार नाही. वहिनीकडे देऊन ठेव, तुझ्याकडे राहिलं तर हरवशील.

आणि त्या चष्म्याच्या पोराला माझी जुनी बॅट दे. काल मला त्याने खेळू दिलं. पुढेही कुणाला तरी असं खेळू देत राहील.

मला भीती वाटते रे बारक्या. हे एकदाच लिहितो.

तुझ्यावर जीव आहे. तो कमी झाल्यासारखा दिसला तरी झालेला नाही, असं समज.

तुझा
दादा


ता. ३० मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बघता बघता वर्ष झालं, दौरा पुन्हा आला. यांना बरोबर नेऊ का असं विचारतोस. चौथ्या शाळेने कळवलंय म्हणे की काकांना आणा, हवं तितक्या वेळा बॅटिंगला उतरू देत. ते वाचून मी आत जाऊन रडून घेतलं. यांच्यासमोर रडत नाही. कुणी रडवलं म्हणून हे तरातरा भांडायला निघतात, आणि दाराशी गेल्यावर कुणाशी ते आठवत नाही.

ने. डॉक्टर आहे, बेकरीवाला आहे, तू आहेस. औषधं पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलीत. रात्री उठून चुकीच्या दाराने बाहेर जातात, तेव्हा दाराशी तू झोप. तुला कधी बारक्या म्हणतात, कधी मास्तर म्हणतात. कुठल्याही हाकेला ओ दे.

ते पत्र काल पुन्हा दाखवावं लागलं. वर्षभरात घड्यांवर फाटत आलंय, मी मागून कागद चिकटवलाय. सुरुवातीला हातात दिलं की ओशाळे व्हायचे, अक्षर माझंच की, असं पुटपुटून खिशात घालायचे. दिवाणखान्यात काल बॅग भरता भरता एकदम तापले, कॅप्टनला न विचारता दौरा ठरवलाच कुणी म्हणून. मी पत्र पुढे ठेवलं. खिडकीशी नेऊन सावकाश वाचलं, शेवटपर्यंत. मग चष्मा काढला आणि मला विचारलं की हा लिहिणारा कोण?

मी बॅगेची चेन लावत राहिले. मला म्हणाले की कोण का असेना, माणूस चांगला दिसतो. इतकी वर्षं सांभाळलेलं असं सोडून द्यायला मोठं मन लागतं. धाकट्यावर फार जीव दिसतो त्याचा. मग पत्राची नीट घडी घातली, मला परत दिलं, आणि म्हणाले की त्याला म्हणावं, भिऊ नकोस.

मी म्हटलं, सांगते.

आता हे लिहितेय तर समोरच पायरीवर बसलेत, पांढरे कपडे घालून, पॅड बांधून, बॅट मांडीवर. बस परवा आहे हे मी सकाळपासून कितीदा तरी सांगितलं. बसू देत. तू मात्र बस आमच्या दारावरूनच आण, आणि आल्यावर खाली उतरून त्यांना बॅटिंगचा नंबर सांग.

तुझ्या वाट्याची माया डब्यात भरून देते. या खेपेला दोन डबे आहेत.

तुझी
वहिनी